बोल लावल्यावर पुढारी काय बोलतो?



नाशिकहून एस.टी.ने मुंबईला निघालात की ठाणे मागे पडते आणि मुलुंडचा नाका लागतो. तिथून पुढे भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर अशी गावे ओळीने येतात. गावे म्हणतो खरा, पण आज तिथे गावाची खूण शोधावी लागते. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि सारखी धावणारी वाहने. या रस्त्याने ११ मार्च २०१८ च्या रविवारी हजारो शेतकरी पायी चालत गेले. सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, शिवाय ठाणे-पालघरकडची आदिवासी मंडळी. नाशिकहून ६ मार्चला निघालेली ही माणसे साधारण १८० किलोमीटर चालून आली होती. डोक्यावर लाल टोपी, हातात लाल बावटा, आणि कित्येकांच्या पायांत धड चप्पलही नव्हती. म्हाताऱ्या आयाबायांच्या तळपायाची साले निघाली होती. त्या तळव्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तुम्हीही पाहिली असतील.

आज मी पिकावर लिहीत नाही. तुम्ही म्हणाल, कृषी खात्यातल्या माणसाला ही पुढाऱ्यांची उठाठेव कशाला? कारण सांगतो. उभे आयुष्य गावोगाव सभा घेण्यात गेले. शेतकऱ्याला नुकसान सोसता येते, हे मी पाहिले आहे. पाऊस गेला, भाव पडला, तरी तो पुन्हा तिफण जुंपतो. त्याच्या जिव्हारी लागते ते उत्तर. गाऱ्हाणे घेऊन तो कुणाच्या दारात उभा राहिला आणि आतून जो शब्द आला, तो तो विसरत नाही. आमच्या खात्याच्या माणसाला हे लागू आहे आणि मंत्र्यालाही लागू आहे.

त्या मोर्चाकडेच पाहू. मोर्चा म्हणजे सरकारवरची टीकाच. राज्य सरकारने जून २०१७ मध्ये ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली होती, पण आमच्यापर्यंत ती नीट पोहोचली नाही, असे ही मंडळी म्हणत होती. त्याहून मोठे गाऱ्हाणे वनजमिनीचे होते. बापजाद्यांपासून कसतो त्या जमिनीवर आमचे नाव लावा. या टीकेला सत्तेतल्या लोकांनी निरनिराळी उत्तरे दिली, आणि एकेका उत्तराचा लोकांवर एकेक परिणाम झाला. म्हणून हा प्रसंग शिकण्यासारखा आहे.

एक उत्तर आले ते उपनगरातल्याच खासदार पूनम महाजन यांच्याकडून. लाल बावटे पाहून त्यांनी शहरी माओवादाचा उल्लेख केला. झाले! पायाला फोड आलेली म्हातारी एकीकडे आणि हा शब्द दुसरीकडे. लोकांनी मनातल्या मनात दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. आदल्या दिवशी मुलुंड-विक्रोळीला रस्त्याच्या कडेला उभे राहून ज्यांनी पाणी दिले, बिस्किटांचे पुडे वाटले, कुणी चपला आणून दिल्या, त्यांच्यात त्या बाईंच्या पक्षाला मत देणारेही असतीलच की. त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे वाटावे? ती माणसे कशी आहेत, हे त्यांनी त्याच रात्री पाहिले होते. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांची परीक्षा होती. मोर्चा दिवसा शहरातून गेला असता तर मुले अडकली असती. म्हणून सोमय्या मैदानावर मुक्कामाला टेकलेली ही दमलेली माणसे मध्यरात्रीनंतर उठली आणि पुन्हा चालू लागली. उजाडण्याच्या सुमारास आझाद मैदान गाठले. अशा माणसांवर शिक्का मारायला गेले की शाईचे डाग मारणाऱ्याच्याच हाताला लागतात.

दुसरे उत्तर पाहा. मंत्री गिरीश महाजन, एकनाथ शिंदे वाटेतच मोर्चेकऱ्यांना जाऊन भेटले. हे चांगले झाले. मागणी मान्य होवो न होवो, कुणीतरी समोर आले, एवढ्यानेही माणसाचा राग निम्मा होतो.

तिसरे उत्तर विधानसभेतले. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस १२ मार्चला सभागृहात म्हणाले की मोर्चातले नव्वद-पंचाण्णव टक्के लोक गरीब आदिवासी आहेत, तांत्रिकदृष्ट्या ते शेतकरी नाहीत, कारण त्यांच्या नावावर जमीन नाही, आणि सरकार त्यांच्या मागण्यांबाबत सकारात्मक आहे. या विधानावर फार टीका झाली. मला विचाराल तर त्यात एक खरी गोष्ट होती आणि एक फार मोठी गफलत होती. खरी गोष्ट ही की सातबाऱ्यावर नाव नव्हते. पण अहो, भांडण तेवढ्यासाठीच तर होते! २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन स्वतः कसतो, त्याला चार हेक्टरच्या मर्यादेत प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळावा. दावा गावच्या वनहक्क समितीकडे करायचा, ग्रामसभेने ठराव करायचा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. या वाटेवर कितीतरी दावे वर्षानुवर्षे पडून होते, कितीतरी फेटाळले गेले होते. नाचणी-वरई पिकवणाऱ्या माणसाने नाव लावा म्हणून यावे आणि नाव नाही म्हणून तुम्ही शेतकरी नाही, असे त्याला सांगावे, हे उत्तर कागदाला धरून असेल, पण ऐकणाऱ्याच्या काळजाला झोंबणारेच. तेच वाक्य जर असे आले असते की 'जमीन कसूनही ज्यांचे नाव लागलेले नाही असे हे शेतकरी आहेत', तर माहिती तीच राहिली असती आणि टीका झाली नसती.

मात्र त्याच दिवशी त्याच मुख्यमंत्र्यांनी मोर्चाच्या पुढाऱ्यांना विधान भवनात बोलावले, चर्चा केली आणि बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे ठरले. मंत्री आझाद मैदानावर गेले, लोकांसमोर घोषणा केली, परत जायला खास रेल्वेगाड्या सोडल्या. त्यामुळे सकाळचे वाक्य संध्याकाळपर्यंत बरेचसे मागे पडले. बहुतेकांच्या लक्षात राहिले ते हे की सरकार बोलले आणि लेखी दिले. त्या लेखी कागदाचे पुढे काय झाले, त्याकडे शेवटी येतो.

धरण, तूर आणि मोठे शहर

आपल्या पुढाऱ्यांच्या जिभेने त्यांना कुठे कुठे नेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. चावडीवर याच गप्पा चालतात. पण जीभ घसरली त्यापेक्षा ती घसरल्यानंतर काय केले, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

एप्रिल २०१३ आठवा. दुष्काळ पडलेला. उजनीच्या पाण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसलेला. आणि इंदापूर तालुक्यातल्या सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी धरणात पाणी नाही तर काय करायचे, यावर जो विनोद केला तो घरच्या साप्ताहिकात छापण्याजोगा नाही. सभेत लोक हसलेही होते, हे विसरू नका! समोरची माणसे हसली म्हणजे सगळ्यांना पटले, असे बोलणाऱ्याला वाटते. पण सभेतले पाचशे लोक निराळे आणि टँकरची वाट पाहणारे लाखो निराळे.

त्यानंतर काय झाले? त्यांनी माफी मागितली. आपल्या राजकीय आयुष्यातली ही सर्वांत मोठी चूक, असे म्हटले. १४ एप्रिलला कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर अन्नत्याग करून बसले. थोरल्या पवारांनीही दिलगिरी व्यक्त केली. काहींनी याला नाटक म्हटले, काहींना ते खरे वाटले. मला वाटते, माफीत एक गोष्ट बरी होती. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' हे ठरीव पालुपद त्यांनी आळवले नाही. पण त्या मैदानावरच्या शेतकऱ्याने मागितले होते पाणी, आणि मिळाला आत्मक्लेश. लोकांच्या तोंडी ते वाक्य पुढे वर्षानुवर्षे राहिले, यामागे हेही एक कारण आहे. माफीने वाक्य पुसले जात नाही. पाणी आले असते तर कदाचित पुसले गेले असते.

दुसरे उदाहरण मे २०१७ चे. त्या हंगामात तूर अमाप झाली होती, खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा लागल्या होत्या, बारदाना संपला होता. तुमच्यापैकी कितीतरी जण तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली झोपले असतील. अशा वेळी भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात कार्यकर्त्यांशी बोलताना म्हणून गेले की एवढी तूर घेतली तरी रडतातच, आणि पुढे एक शिवी जोडली. गदारोळ उठला. मग खुलासा आला की शब्द कार्यकर्त्याला उद्देशून होता, शेतकऱ्याला नव्हे, आणि कुणाचे मन दुखावले असेल तर दिलगीर आहे. आता 'असेल तर' हा शब्द पाहा. मन दुखावलेले दिसत असताना 'असेल तर' म्हणणे म्हणजे, जखम दाखवणाऱ्याला 'लागले असेल तर' असे विचारणे. माफीनाम्यात हा शब्द दिसला की मी तो माफीनामा अर्धाच धरतो.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या वाक्यानंतर दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, दानवे जालन्यातून मोठ्या मताधिक्याने निवडून आले. आणि २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात हरले. म्हणजे एका शब्दावर निवडणूक ठरते असे नाही. जात, पक्ष, उमेदवार, देशातले वारे, किती गोष्टी असतात. पण शब्द लोकांच्या मनात बियाण्यासारखा पडून राहतो. ओल मिळाली की उगवतो, नाही तर तसाच राहतो. विरोधक ती ओल द्यायला टपलेलेच असतात.

तिसरे उदाहरण आर. आर. आबांचे. हा माणूस तुमच्यातला होता. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा. ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी चालवले, तेव्हा माझ्याच तालुक्यातल्या गावांत लोक हातात झाडू घेऊन पहाटे रस्त्यावर येत. पुढे तंटामुक्त गाव योजना आली. अशा माणसाच्या तोंडून नोव्हेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, गृहमंत्री म्हणून वाक्य निघाले की मोठ्या शहरांत अशा एखाद-दुसऱ्या घटना घडतात. शंभरावर माणसे मेली होती. शहर पेटून उठले. १ डिसेंबरला आबांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख तर काहीच वावगे बोलले नव्हते. ते जळलेले ताज हॉटेल पाहायला गेले तेव्हा सोबत मुलगा आणि सिनेमाचा एक दिग्दर्शक होता. न बोलताही उत्तर जाते ते असे. काही दिवसांत त्यांचेही पद गेले आणि ८ डिसेंबरला अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले.

नंतरचे पाहा. २००९ च्या निवडणुकीत आबा पुन्हा निवडून आले आणि नोव्हेंबरात पुन्हा गृहमंत्री झाले. मुंबईकराने कदाचित त्या वाक्यावरून त्यांना मोजले. तासगावकराने आधीच्या दहा-पंधरा वर्षांवरून मोजले. १६ फेब्रुवारी २०१५ ला ते गेले, तेव्हा गावाकडे चुली पेटल्या नाहीत अशी घरे मला माहीत आहेत. आधी केलेले काम ही पुढाऱ्याची कणगी असते. वाईट दिवसांत त्यातलेच धान्य पुरते. ज्याच्या कणगीत काहीच नसते त्याची एका वाक्याने उपासमार होते.

उपनगरे गावे होती तेव्हा

मघाशी म्हणालो की मुलुंड-घाटकोपरला आज गावाची खूण दिसत नाही. पण ही खरोखरच गावे होती. १९५० साली अंधेरी-जोगेश्वरीपासून इकडे भांडुपपर्यंतची गावे बृहन्मुंबईत घेतली गेली, आणि १९५७ साली पश्चिमेला दहिसरपर्यंत व पूर्वेला मुलुंडपर्यंत हद्द वाढली. आजही मुंबई उपनगर जिल्ह्याचे तालुके तीन आहेत: अंधेरी, बोरीवली आणि कुर्ला. म्हणजे तहसीलदार, तलाठी, सातबारा सगळे तिथेही आहे. तुमचा मुलगा किंवा पुतण्या तिथे नोकरीला असेल, तर त्याला विचारून पाहा.

गाव शहरात गेले आणि पाणी मात्र आले नाही, अशी तिथली तक्रार होती. गोरेगावच्या मृणाल गोरे यांनी नळाच्या पाण्यासाठी बायकांचे मोर्चे काढले आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली तेव्हा अहिल्या रांगणेकर आणि इतर बायांबरोबर त्यांनी लाटणे मोर्चे काढले. हातात लाटणे आणि ताट. त्यांना बंदुकीने कसे अडवणार? मंत्र्यांना घराबाहेर येऊन उत्तर द्यावेच लागे.

मग १९७५ ला आणीबाणी आली. टीकेला उत्तर देण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे टीका करणाऱ्याला कोंडून घालणे. वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले. मृणालताईंनाही तुरुंगात टाकले. एकोणीस-वीस महिने सगळे शांत होते, आणि ती शांतता म्हणजे संमती, असे दिल्लीला वाटले. १९७७ ला निवडणूक झाली. मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या, आणि रायबरेलीला खुद्द इंदिराबाई हरल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही त्या वेळची घोषणा जुन्या माणसांना अजून पाठ आहे. पण त्याच इंदिराबाई १९८० ला पुन्हा पंतप्रधान झाल्या, हेही खरे. जनता रागावते आणि दुसऱ्याने निराशा केली की पहिल्याला माफही करते.

बोरीवलीचे राम नाईक हे आणखी एक नाव. ते मूळचे आपल्या सांगली जिल्ह्याकडचे, बालपण आटपाडीत गेले. आमदार आणि पुढे खासदार असताना आपण वर्षभरात काय केले त्याचा छापील अहवाल ते लोकांच्या हाती देत. टीका व्हायच्या आधीच हिशेब पुढे ठेवायचा, ही रीत मला फार आवडते. आमच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत ताळेबंद असा आधी वाटला तर निम्मी भांडणे होणार नाहीत. तरीही २००४ साली सिनेमातल्या गोविंदाने त्यांना हरवले! पुढे हा नवा खासदार मतदारसंघात दिसत नाही, अशी ओरड झाली. त्या ओरडीला लोकांना पटेल असे उत्तर आले नाही, आणि २००९ ला गोविंदा निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. नाईकही त्या वर्षी थोडक्या मतांनी हरले. अहवाल देणारा नेहमी जिंकतोच, असे मी म्हणत नाही.

घाटकोपरचे नाव घेतले आणि ११ जुलै १९९७ विसरलो तर बरे होणार नाही. त्याच महामार्गाला लागून रमाबाई आंबेडकर नगर आहे. पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असे समर्थन पुढे आले. चौकशीला नेमलेल्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला ते पटले नाही. घरात प्रेत असताना दारात येऊन कारणे सांगणाऱ्याला आपण गावात काय म्हणतो? आधी बसून घ्यायचे असते, मग बोलायचे असते. त्याच घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून १७ माणसे गेली. चाळीस फुटांची मर्यादा असताना तो १२० फूट होता. तेव्हाही दोन्ही बाजूंचे पुढारी फलकवाला दुसऱ्याचाच माणूस कसा, हे सांगण्यात गुंतले होते. लोकांना मात्र विचारायचे होते की परवानगीच्या कागदावर सही कुणाची.

हे सगळे आजचेच आहे असे नाही. १९५६ साली तमिळनाडूत अरियालूरला रेल्वेचा अपघात झाला, शंभरावर माणसे गेली, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले. गाडी काही त्यांनी चालवली नव्हती. आठ वर्षांनी ते पंतप्रधान झाले तेव्हा लोकांना तो राजीनामा आठवत होता. आणि आपले वसंतराव नाईक! अन्नधान्याची टंचाई होती, परदेशी गव्हावर दिवस काढायचे, टीकेची झोड उठली होती. १९६५ साली पुण्याला शनिवारवाड्यापुढे ते म्हणाले की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. पुढाऱ्याने स्वतःलाच मुदत घालून घ्यावी, शिक्षाही ठरवावी, हे क्वचित घडते. संकरित ज्वारी शिवाराशिवारात गेली ती याच काळात, आणि आमच्या खात्याचे जुने लोक सायकलवर बियाण्याच्या पिशव्या बांधून हिंडत. पुढे ७२ चा दुष्काळ आला, मिलो आणि सुकडी खावी लागली, म्हणजे स्वप्न काही पुरते उतरले नाही. तरी त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आपण कृषी दिन म्हणून पाळतो. लोकांनी फाशी मागितली नाही, कारण माणूस बांधावर येत होता.

आता तुमच्या गावात या. मुंबईचे पुढारी दूर आहेत, सरपंच शेजारी आहे. वर्षाला निदान चार ग्रामसभा होतात. कुणीतरी उठतो आणि नळ योजनेचा हिशेब विचारतो. त्यावर मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेले उत्तर हे आहे: 'आधी तुझी घरपट्टी थकली आहे ती भर.' सभा हसते, विचारणारा खाली बसतो. घरपट्टी भरायला हवी, हे खरेच. पण नळाच्या हिशेबाचे त्यात काय उत्तर आले? एका गावी मी याच्या उलट पाहिले. प्रश्न विचारणारा सरपंचाचा कट्टर विरोधक होता. सरपंचबाईंनी ग्रामसेवकाला दप्तर आणायला सांगितले, नोंदवही त्या माणसापुढेच ठेवली आणि म्हणाल्या, 'भाऊ, तुम्हीच मोठ्याने वाचा.' त्याने वाचले. दोन बिलांविषयी शंका काढली. बाईंनी ती ठरावात लिहून घ्यायला लावली. पुढच्या सभेला त्या गावात नेहमीपेक्षा जास्त माणसे आली, आणि मागे पदर सावरून बसणाऱ्या बायांपैकी एकीने रेशनचा प्रश्न विचारला.

मला काळजी वाटते ती याचीच. पुढाऱ्याची प्रतिमा बिघडली तर तो त्याचे पाहून घेईल. पण एकदा हसू झालेली बाई पुन्हा सभेत तोंड उघडत नाही. तिची विहीर, तिचे अनुदान, तिच्या पोराची शाळा हे सगळे तिच्याबरोबर गप्प होते.

आणखी एक सांगतो, कारण हल्ली घरोघर मोबाइल आहे. पुढाऱ्याच्या भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा येतो, आपण तो पाहतो, संतापतो आणि पुढे पाठवतो. कधी तो तुकडा खरा असतो, कधी मागचापुढचा भाग कापलेला असतो. रोग ओळखताना आम्ही एक पान पाहत नाही, झाड मुळासकट पाहतो. तसे पुरते भाषण मिळाले तर ऐका. मग शिव्या द्यायच्या तर द्या.

राहिला तो २०१८ चा कागद. सहा महिने गेले, वर्ष होत आले, दाव्यांचे काम सांगितल्याप्रमाणे झाले नाही, असे म्हणत फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच मंडळी नाशिकहून पुन्हा निघाली. गिरीश महाजन गेले, पुन्हा लेखी आश्वासन दिले, मोर्चा नाशिकजवळूनच परतला. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा निघाले, दिंडोरीहून. या वेळी कांदाही सोबत होता, कारण भाव मातीमोल झाला होता. एव्हाना मुख्यमंत्री एकनाथ शिंदे होते, पाच वर्षांपूर्वी वाटेत येऊन भेटलेले तेच, आणि फडणवीस उपमुख्यमंत्री होते. दादा भुसे, अतुल सावे हे मंत्री मोर्चाला भेटायला गेले. मुंबईत बैठक झाली, कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान ठरले, वनहक्कासाठी समिती नेमायचे ठरले, मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केले.

पूर्वीचा मोर्चा एवढ्यावर उठला होता. या वेळी मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदला मैदानावर थांबला होता, आणि माजी आमदार जे. पी. गावित यांनी सांगितले की सभागृहातले बोलणे ऐकले, आता आदेश खाली अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचू द्या. लोक तिथेच चुली मांडून बसून राहिले. १८ मार्चला, हुकूम खाली गेल्याची खात्री झाल्यावर, त्यांनी बोचकी बांधली आणि तिथूनच माघारी फिरले.